सुफळ संपूर्ण

श्रावणातली कहाणी कितीही लांबली तरी ऐकणाऱ्याला एक खात्री असते. शेवटी 'सुफळ संपूर्ण' येणार, हातातल्या अक्षता वाहायच्या आणि उठायचं. टीव्हीवरच्या मालिकांमधून ही खात्री कधी गेली, हे शोधायला लागलं की मोठा गमतीदार इतिहास हाती लागतो.

सुरुवात होते थेट मेक्सिकोत. मिगेल साबिदो यांनी तिथे १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर मालिका केली आणि नंतर कुटुंबनियोजनावर दुसरी. तिकडे या प्रकाराला टेलेनोव्हेला म्हणतात. म्हणजे टीव्हीवरची कादंबरीच! पात्रं रोज भेटतात, रडतात, भांडतात, पण काही महिन्यांनी गोष्ट संपते. शेवटचं पान असतंच.

आपले वसंत साठे पुढे केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मेक्सिकोतला हा प्रयोग त्यांच्या मनात भरला. त्यातूनच पुढे ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, आणि भागाच्या शेवटी दोन शब्द सांगायला अशोककुमार. सुरुवातीचा उपदेश लोकांना रुचला नाही, तेव्हा तो कमी करून गोष्ट वाढवली. तरीही दीडशेच्या वर भाग झाल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये मालिका संपली.

त्या काळी दूरदर्शनची मंजुरी तेरा-तेरा भागांच्या हिशोबाने मिळे. 'रामायण'चे मूळचे ५२ भाग वाढत वाढत ७८ झाले आणि ३१ जुलै १९८८ ला मालिका थांबली. तेव्हा उत्तर भारतात काही ठिकाणी वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींच्या आश्रमातली पुढची कथाही दाखवा, ही त्यांची मागणी. गोष्ट रेंगाळत ठेवा असं त्यांचं म्हणणं नव्हतंच, ती पुरी करा एवढंच होतं. पुढे 'उत्तर रामायण' आलं.

मग आपण शेवट असलेला हा रस्ता सोडला कधी? खाजगी वाहिन्या आल्या आणि मेक्सिकोऐवजी अमेरिकेचं वळण लागलं. तिथे साबण विकणाऱ्या कंपन्यांनी गृहिणींसाठी रेडिओवर रोजच्या मालिका चालवल्या, म्हणून त्यांचं नावच 'सोप ऑपेरा' पडलं. 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि संपली २००९ मध्ये. साबण रोज विकायचा, तर गोष्ट संपून कसं चालेल?

आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० ला सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांहून अधिक. चार दिवसांची अकरा वर्षं झाली म्हणा ना!

यात वाहिनीचा हिशोब सरळ आहे. सेट उभा आहे, प्रेक्षकाला सवय लागली आहे, जाहिराती येताहेत. चालणारी मालिका बंद करणं म्हणजे दुभती म्हैस विकणं. आणि टीआरपी पडला, की तीच मालिका आठवडाभरात गुंडाळायची. म्हणजे चालली तर शेवट नाही, आणि नाही चालली तर शेवटाला वेळ नाही.

रोजच्या मालिकांनी मराठी नटांना, लेखकांना, तंत्रज्ञांना महिन्याचं उत्पन्न दिलं, हेही खरंच. नुसत्या नाटकावर घर चालवणाऱ्यांना विचारा, त्याची किंमत कळेल.

पण मला काळजी वाटते ती बघणाऱ्यांची. शेवट नसला की केल्या कर्माचं फळही मिळत नाही. मेलेला परत येतो, खलनायिकेला दर सहा महिन्यांनी नवीन विष सापडतं. आपल्या आज्या हे सगळं वर्षानुवर्षं, जेवणाची वेळ सांभाळून बघत आल्या. न्याय होईल, ती बिचारी सुखी होईल, या आशेवर. कितीजणी शेवट न बघताच गेल्या असतील!

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा. लोक अजून तिचं नाव काढतात. उलट 'क्योंकि' २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा सुरू झाली.

असो. संपलेली गोष्ट माणूस मनात घेऊन उठतो. न संपणारी गोष्ट त्याला उठूच देत नाही.