कळलावीची गोळी

आमच्या मसुऱ्यात श्रावणात कुंपणाकुंपणांवर कळलावी फुलते. तिची लाल-पिवळी फुले घरात आणली की भांडणे लागतात, अशी ताकीद आम्हा मुलांना असे. नावाचा दुसरा अर्थ मला पुढे कळला. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून जुन्या सुइणी तिचा कंद वापरत. तो कंद जहरी. त्यातले कोल्चिसीन जीवही घेते.

कळा लावणारी हीच वेल आज दुखणे शमवते. तिच्या बियांतील कोल्चिकोसाइडपासून थायोकोल्चिकोसाइड हे आखडलेले स्नायू सैल करणारे औषध बनते. या बियांसाठी तामिळनाडूत तिची शेती होते.

एकदा लावणीत शेजारच्या काकींची कंबर धरली. डॉक्टरांनी याच गोळ्या दिल्या. उतार पडला, चार गोळ्या उरल्या. पुढे सुनेची पाठ दुखू लागली तेव्हा काकी म्हणाल्या, "माका गुण इलो, तू पण घे." सून गरोदर होती. नशीब, तिने आधी डॉक्टरांना विचारले!

हे औषध शरीरात गेल्यावर तयार होणारा एक घटक पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. म्हणून २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने बंधने सुचवली. गोळी दर १२ तासांनी जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम, तीही ७ दिवसांपर्यंतच. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि १६ वर्षांखालील मुलांना ती वर्ज्य.

सुइणीचा कंद गेला. वेल मात्र गोळी होऊन फडताळात येऊन बसली. कंदाचा धाक होता, तसा गोळीचाही असू द्या. उरलेली गोळी मायेनेसुद्धा कुणाला देऊ नका.