स्वगृही चाचणी : एच्. आय्. व्ही.च्या इतिहासातील एक वाद

रोगाचे निदान वैद्याच्या साक्षीनेच व्हावे, की रोग्याने ते एकांतात स्वतः करून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु एच्. आय्. व्ही.च्या चाचणीचा अमेरिकेतील इतिहास पाहिला म्हणजे तो मुळात अधिकाराचा प्रश्न होता, असे दिसून येते.

मार्च १९८५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या प्रतिपिंड-चाचणीस अनुज्ञा दिली. तिचा प्रधान हेतू रक्तपेढ्यांतील रक्त निर्धोक राखणे हा होता. व्यक्तीस तिची स्थिती कळविणे हा नव्हे. केवळ आपली तपासणी व्हावी म्हणून साशंक लोक रक्तदानास येतील, या भीतीने त्याच वर्षी स्वतंत्र चाचणीकेंद्रे उघडावी लागली. घरी रक्ताचा नमुना घेण्याच्या संचाची कल्पना लवकरच पुढे आली. तथापि १९८८ मध्ये प्रशासनाने असे संच वैद्यकीय व्यावसायिकांपुरतेच मर्यादित ठेवण्याचे धोरण जाहीर केले. दूरध्वनीवर अशुभ वार्ता ऐकून एकाकी मनुष्य आत्मघात करील, असा आक्षेप घेतला जाई. तो सर्वथा निराधार म्हणता येणार नाही. त्या काळी रोगावर परिणामकारक उपचार नव्हता, आणि निष्कर्ष उघड झाल्यास नोकरी, विमा व निवारा ही सारीच धोक्यात येत.

मे १९९६ मध्ये ‘कॉन्फाइड’ या संचास मान्यता मिळाली. बोटास टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपावयाचे, तो कागद टपालाने प्रयोगशाळेकडे धाडावयाचा व सांकेतिक क्रमांक सांगून दूरध्वनीवर निष्कर्ष ऐकावयाचा, अशी त्याची रीत होती. हा संच १९९७ मध्येच बाजारातून गेला. संयुक्त औषधोपचाराचे यश १९९६ च्याच उन्हाळ्यात जगापुढे आले. या कालयोगास कार्यकारणभाव मानणे मात्र युक्त नव्हे, कारण धोरणातील बदल १९९५ मध्येच झाला होता. एवढे खरे की, जे ज्ञान पूर्वी केवळ दंडासारखे भासे, ते आता उपचाराचे द्वार ठरले.

जुलै २०१२ मध्ये ‘ओराक्विक’ चाचणीस मान्यता मिळाली आणि प्रयोगशाळेचाही मध्यस्थ दूर झाला. हिरड्यांवरून पट्टी फिरवावी आणि २० ते ४० मिनिटांत निष्कर्ष वाचावा. सामान्य माणसाच्या हाती ती सुमारे १२ बाधितांपैकी एकास हुडकू शकत नसे. हा दोष ज्ञात असूनही तिला संमती देण्यात आली. ब्रिटनने १९९२ मध्ये घातलेली विक्रीबंदी २०१४ मध्ये उठविली. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्वचाचणीची शिफारस केली.

यावरून निष्पन्न होते ते असे की, साधन निर्दोष होईपर्यंत समाज थांबला नाही. चूक होण्याचा धोका पत्करूनही स्वतःविषयीचे सत्य प्रथम स्वतःस कळावे, हा हक्क त्याने मान्य केला. मात्र बाधा दर्शविणारा निष्कर्ष पुनश्च तपासून घ्यावाच लागतो. म्हणजे वैद्य या प्रक्रियेतून हद्दपार झाला नाही, त्याचे स्थान तेवढे पहिल्यावरून दुसरे झाले.