काडेपेटीचा राजा आणि अंबरनाथचा कारखाना

लिसा सी या अमेरिकन लेखिकेची ‘द इंटीरियर’ (1999) ही रहस्यकादंबरी चीनच्या ग्रामीण भागातील एका अमेरिकन मालकीच्या खेळण्यांच्या कारखान्याभोवती रचलेली आहे. मैत्रिणीच्या मुलीच्या मृत्यूचा शोध घेण्यासाठी पोलीस अधिकारी ल्यू हुलान कामगार म्हणून तेथे शिरते. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाचे पराक्रम चोरून वाचलेल्या आमच्या पिढीला असे कथानक आवडावे यात नवल नाही. परंतु खेड्यातला कारखाना, परदेशी मालक आणि जगभर गाजलेला गुन्हा ही तिन्ही पात्रे मराठी मुलखाच्या इतिहासातही एकत्र आली होती. फरक इतकाच, की येथे गुन्हा कारखान्याच्या आवारात घडला नाही. तो जमाखर्चाच्या वह्यांत घडला.

1922 साली हिंदुस्थान सरकारने आयात काडेपेट्यांवरील जकात दर ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया केली. हेतू तिजोरी भरण्याचा होता. स्वदेशीचा कळवळा त्यामागे नव्हता. तथापि या भिंतीच्या आडोशाला देशी कारखाने निघू लागले. येथे माल विकणाऱ्या स्वीडिश कंपनीने तेव्हा चतुर मार्ग काढला. तिने भिंतीच्या आत येऊनच घर बांधले. 1923 मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच ‘विमको’, स्थापन झाली आणि कल्याणजवळच्या अंबरनाथ गावी तिचा कारखाना उभा राहिला. शके 982 च्या शिलाहारकालीन शिवालयासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाच्या वाट्याला गंधक आणि मेणाचा वास आला.

काडेपेटी ही दिसते तितकी साधी वस्तू नव्हे. मऊ लाकडाचा ओंडका यंत्रावर फिरवून त्याचा पातळ पापुद्रा सोलतात, त्याच्या काड्या पाडतात, त्या मेणात बुडवून मग गूल लावतात. तांबडा फॉस्फरस मात्र काडीवर नसून पेटीच्या अंगाला असतो. स्वीडनच्या ‘सुरक्षित’ काडीचे मर्म हेच. काडीसाठी अस्पेनचे लाकूड परदेशातून येई, तर पेटीसाठी येथील सावर चाले. आपल्या खानापूरच्या रानात फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारी सावर ती हीच.

देशी कारखानदारांनी तक्रार केली, की आपल्या संरक्षणासाठी असलेल्या जकातीचा लाभ परकाच घेत आहे. टॅरिफ बोर्डाची चौकशी झाली आणि 1928 मध्ये काडेपेटी उद्योगाच्या संरक्षणाचा कायदा आला. पण भिंतीच्या आत बसलेल्यास भिंत उंच झाल्याने काय बाधा होणार?

या कंपनीचा सूत्रधार होता इव्हार क्रूगर. पोलंड, जर्मनी, फ्रान्स अशा राष्ट्रांना कर्जे देऊन त्या बदल्यात काडेपेटीच्या व्यापारात सवलती, शक्य तेथे मक्ता मिळवायचा, ही त्याची रीत. हिंदुस्थानात असा मक्ता त्याला लाभला नाही. येथे स्वस्त भाव हेच हत्यार. 12 मार्च 1932 रोजी पॅरिसमधील निवासस्थानी तो गोळी लागून मृतावस्थेत सापडला. आत्महत्या असा निर्वाळा मिळाला. त्याचा भाऊ टॉर्स्टेन याने मात्र पुढे खुनाचा पक्ष मांडला. हिशेब तपासता इटालीच्या सरकारचे बनावट रोखे उघडकीस आले. त्यांची किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक होती आणि त्यांवर इटालीच्या अर्थमंत्र्याची खोटी सही होती.

साम्राज्य कोसळले, पण त्यातील स्वीडिश काडेपेटी कंपनी सावरली आणि अंबरनाथची यंत्रेही चालत राहिली. रोखा खोटा होता. काडी खरी होती. म्हणून क्रूगरला केवळ ठग म्हणणे मला अपुरे वाटते. त्याने येथे जे केले ते कायद्याच्या चौकटीतच केले, आणि देशी कारखानदारांचे नुकसान त्या कायदेशीर व्यवहारानेच झाले. रहस्यकथाकाराला असा गुन्हा पकडता येत नाही, कारण त्याला आरोपीच नसतो.

1934 मध्ये काडेपेटीवर उत्पादनशुल्क आले. पुढे स्वीडिश मालकांनी 2005 मध्ये विमको आयटीसीच्या समूहाकडे सोपविली. तोवर बाजारात हातकामाच्या पेट्यांनी जम बसवला होता. 1922 च्या सुमारास शिवकाशीचे दोन नाडर बंधू कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून आले होते; आपल्या पेठेतल्या दुकानात आज जी काडेपेटी मिळते, ती बहुधा त्यांच्याच मुलखातून आलेली असते.