सेटिंगचा बॅकअप आणि रिस्टोअर (मोबाइल ॲप)

मोबाइल ॲपमध्ये वापरणाऱ्याने आपल्या सोयीने करून घेतलेल्या निवडींची प्रत ॲपच्या बाहेर सुरक्षित ठेवणे म्हणजे बॅकअप. फोन बदलला, रिसेट मारला किंवा ॲप काढून पुन्हा टाकले की ती प्रत मूळ जागी आणणे म्हणजे रिस्टोअर. भाषा, अक्षरांचा आकार, सूचनांचे आवाज, जतन केलेले पत्ते, गजराच्या वेळा अशा बारीकसारीक गोष्टी यात येतात. फोटो आणि संपर्क क्रमांक यांची काळजी बहुतेक जण घेतात. सेटिंगची आठवण मात्र ती गेल्यावरच होते.

सेटिंग नेमके कुठे राहते, हा यातला कळीचा प्रश्न आहे. काही सेटिंग फोनमध्येच असतात, काही सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तर काहींची प्रत गूगल किंवा ॲपलच्या खात्यात जाते. सचिन टेके यांनी २००८ साली सुरू केलेले ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही दादरहून सुटणारी गाडी त्यात दिसते. असे वेळापत्रक सर्वांना सारखेच असल्याने ॲप पुन्हा टाकले की आपोआप परत येते. कोणत्याही ॲपमध्ये वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड मात्र ॲपबरोबर येत नाही. तिची प्रत कुठेतरी असावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये हा फरक लख्ख दिसतो. नव्या फोनवर त्याच क्रमांकाने प्रवेश केला की मंडळाचा, सोसायटीचा, शाळेच्या वर्गाचा असे सगळे ग्रुप परत येतात, कारण सदस्यांची यादी सर्व्हरवर असते. जुने संदेश बॅकअप असेल तरच येतात.

अँड्रॉइड फोनमध्ये ॲपची साधी सेटिंग बहुधा एका छोट्या फाइलमध्ये ‘नाव आणि किंमत’ अशा जोड्यांनी लिहिलेली असतात: भाषा – मराठी, कंपन – बंद, अक्षर – मोठे. ॲप काढले की ही फाइलही पुसली जाते. गूगलने २०१० साली अँड्रॉइड २.२ मध्ये बॅकअपची पहिली सोय दिली, पण तिच्यासाठी प्रत्येक ॲपच्या निर्मात्याला वेगळे काम करावे लागे आणि अनेकांनी ते केलेच नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून ही प्रत आपोआप जाऊ लागली. प्रत्येक ॲपला २५ एमबीची मर्यादा असते आणि ही जागा वापरणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हच्या कोट्यात धरली जात नाही. निर्मात्याने आपले ॲप या व्यवस्थेतून वगळले असेल, तर वापरणाऱ्याला ते कळण्याचा सोपा मार्ग नाही. आपले ॲप बॅकअपमध्ये आहे की नाही, हे निर्मात्यांनी ॲपच्या सेटिंगमध्येच स्पष्ट लिहायला हवे. आयफोनमध्ये हेच काम २०११ साली आलेले आयक्लाउड करते. त्यात ५ जीबी जागा मोफत मिळते आणि ती फोटोंनीच भरून जाते.

आपोआप होणाऱ्या बॅकअपला काही अटी आहेत आणि गिरगाव-लालबागच्या घरांत त्यांतली वाय-फायची अट नेमकी आड येते. फोन वापरात नसावा, आधीच्या बॅकअपला चोवीस तास झालेले असावेत आणि फोन वाय-फायवर असावा, तेव्हाच प्रत वर जाते. ज्या चाळीतल्या खोलीत वाय-फायची जोडणी नाही आणि सगळे घर सिमकार्डाच्या रोजच्या डेटावर चालते, तिथला फोन महिनोन्‌महिने वाट पाहत राहतो. बॅकअप ‘चालू’ असल्याचे पडद्यावर दिसते, पण शेवटची तारीख जुनीच असते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू झाले. पण गाडीची वाट पाहताना फोन हातात चालू असतो, म्हणून त्याचाही इथे फारसा उपयोग नाही. उपाय मात्र सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलच्या खाली बॅकअपचे पान असते. तिथे मोबाइल डेटा वापरण्याची परवानगी द्यावी, ‘आता बॅकअप घ्या’ हे बटण दाबावे आणि तारीख बदलली का ते पाहावे. सेटिंगच्या फाइली इतक्या लहान असतात की डेटा संपण्याची धास्ती नको.

काही गोष्टी मुद्दामच प्रतीबाहेर ठेवतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये ॲप, फोन आणि सिमकार्ड यांची सांगड घातलेली असते. नव्या फोनवर ॲप आले तरी त्या सिमवरून एसएमएस जाऊन पडताळणी झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. उपनगरी रेल्वेचा मोबाइल ॲपवरचा कागदविरहित पासही असाच. तो ॲप उघडूनच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट टीसी ग्राह्य धरत नाही. पासाची साधी नक्कल चालली असती तर एकाच पासावर अख्खे कुटुंब लोअर परळ ते चर्चगेट फिरले असते. त्यामुळे चालू पास असताना फोन बदलायचा असेल, तर जुना फोन विकण्यापूर्वी पास नव्या फोनवर आलेला पाहून घ्यावा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे आकडे देणारे गूगलचे ॲप एप्रिल २०२३ पर्यंत आपली माहिती फोनमध्येच ठेवत असे. तोवर फोन हरवला की अनेकांना स्वतःच्याच खात्यांबाहेर राहावे लागे.

व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा आहे. अँड्रॉइडवर त्याची एक प्रत रोज फोनमध्येच पडते आणि अशा साधारण आठवडाभराच्या प्रती शिल्लक राहतात. दुसरी प्रत गूगल खात्यात जाते आणि २०२४ पासून ती १५ जीबीच्या मोफत जागेत मोजली जाते. गणेशोत्सवात मंडळांच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पूर येतो, जागा संपते आणि बॅकअप थांबतो. व्हिडिओ वगळण्याची खूण बॅकअपच्याच पानावर असते. ती केली तर संदेश तरी वाचतात. ऑक्टोबर २०२१ पासून या प्रतीला पासवर्डचे किंवा ६४ अंकी किल्लीचे कुलूप लावता येते. ती किल्ली हरवली तर कंपनीही प्रत उघडून देऊ शकत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी कीबोर्डचा शब्दसंग्रह हे सर्वांत मोलाचे सेटिंग आहे. गूगलच्या ‘जीबोर्ड’ कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात शब्द आणि त्याचे लघुरूप अशी जोडी भरता येते: ‘गिचौ’ टाइप केले की ‘गिरगाव चौपाटी’ सुचते. आडनावे, गल्ल्यांची नावे, धंद्यातले शब्द असे वर्षानुवर्षे जमलेले भांडार फोनबरोबर जाऊ द्यायचे नसेल, तर शब्दकोशाच्या मेनूतून त्याची फाइल काढून स्वतःलाच ई-मेल करता येते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि त्याला वाय-फाय लागत नाही.

रिस्टोअर करताना आवृत्तीचा घोळ होतो. नव्या आवृत्तीच्या ॲपने लिहिलेली फाइल जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही, म्हणून जाणते निर्माते फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवतात. प्रत आणताना सध्याची सेटिंग पुसली जाणार की दोन्ही एकत्र होणार, हेही ॲपने आधी विचारायला हवे. अँड्रॉइडचा हा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. तिथे प्रत्येक ॲपची स्वतःची सोय शोधावी लागते. लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन देण्याआधी बॅकअपची शेवटची तारीख बघावी, कारण बिघाड सापडला नाही की कारागीर सरळ रिसेट मारतो.

प्रतीचे आयुष्यही मर्यादित असते. अँड्रॉइड फोन सलग ५७ दिवस वापरात नसेल, तर गूगल त्याचा बॅकअप पुसून टाकते. अनंत चतुर्दशीला लालबाग ते गिरगाव चौपाटीच्या गर्दीत दरवर्षी फोन चोरीला जातात. चोराने फोन बंद ठेवला, तर ही मुदत साधारण तुळशीच्या लग्नाच्या सुमारास संपते. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून आयएमईआय क्रमांक देऊन चोरीचा फोन बंद पाडता येतो, पण सेटिंग परत मिळवण्यासाठी ही ५७ दिवसांची मुदत संपण्याआधी दुसरा फोन घेऊन त्यावर जुन्याच खात्याने प्रवेश करावा लागतो. रिस्टोअरचा प्रश्न नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच विचारला जातो. घाईत तो वगळला आणि नंतर प्रत हवी झाली, तर बहुतेक फोनवर रिसेट मारून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.