नाव विकणे आणि नाव हिरावणे

लोकगीत ओठांवर राहते. रचणाऱ्याचे नाव मात्र काळाच्या ओघात वाहून जाते. परंतु रचनाकार हयात असताना, त्याची ध्वनिमुद्रिका बाजारात असतानाच नाव पुसले गेले तर? अमेरिकन लोकगायक व गीतकार जेक होम्स यांची कारकीर्द या दृष्टीने आम्हांस उद्बोधक वाटते.

होम्स यांचा जन्म १९३९ चा. १९६३ मध्ये ‘अ‍ॅलन अँड ग्रिअर’ या जोडीतून त्यांनी लोकसंगीताचे विडंबन करणारी ध्वनिमुद्रिका काढली. कीर्तीपेक्षा श्रीमंती बरी, अशा अर्थाचे तिचे थट्टेखोर नाव पुढे जणू भाकीतच ठरले. १९६७ साली त्यांचे ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘यार्डबर्ड्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाआधी ते गायले. वृंदाला ते गीत भावले व तो ते गाऊ लागला. पुढे त्यातील गिटारवादक जिमी पेज यांनी १९६९ साली ‘लेड झेपेलिन’च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ते घेतले. शीर्षक तेच, उतरता स्वरबंधही ओळखीचा. शब्द बव्हंशी नवे आणि श्रेय एकट्या पेज यांना!

१९७० मध्ये फ्रँक सिनात्रा यांच्या ‘वॉटरटाउन’साठी होम्स यांनी गीते लिहिली, ती ध्वनिमुद्रिकाही फारशी खपली नाही. मग ते जाहिरातगीतांकडे वळले. ‘डॉक्टर पेपर’ या शीतपेयाच्या गाजलेल्या गीतात त्यांचा वाटा होता. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ साली थांबली. स्वेच्छेने येणारे तरुण अपुरे पडू लागले. तेव्हा १९८० च्या दशकारंभी सैन्याच्या जाहिरातीसाठी त्यांनी रचलेले गीत घरोघरी पोहोचले. ते घोषवाक्य २००१ पर्यंत चालले आणि २०२३ मध्ये पुन्हा वापरात आले.

ध्वनिमुद्रिकेवर गीतकाराचे नाव छापले जाते. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत ते कोठेच नसते. त्यामुळे कोट्यवधींनी गुणगुणलेल्या या ओळींचा कर्ता अज्ञातच राहिला. तथापि तो सौदा होम्स यांनी राजीखुशीने केला होता. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’बाबत मात्र त्यांना कोणी विचारलेच नव्हते. २०१० साली त्यांनी न्यायालयात दावा लावला. पुढे आपसांत तडजोड झाली आणि २०१२ च्या ‘सेलिब्रेशन डे’ या ध्वनिमुद्रिकेवर पेज यांच्या नावाशेजारी ‘जेक होम्स यांच्यापासून प्रेरित’ अशी नोंद आली.

पंचेचाळीस वर्षांनी मिळालेले हे चार शब्द! स्वखुशीने नाव मागे ठेवणारा कलावंत आणि ज्याचे नाव न विचारता मागे टाकले जाते तो कलावंत, यांतील अंतर ओळखणे हे आम्हा श्रोत्यांचेही कर्तव्य आहे.