सणांच्या दिवसांतील घरशाळा

प्रतिनिधी

नोव्हेंबरमधील चौथा गुरुवार हा अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग'चा दिवस. तेथपासून नाताळ आणि नववर्षापर्यंतचे पाच-सहा आठवडे पाहुणे, प्रवास, खरेदी आणि फराळ यांत जातात. तेथील सार्वजनिक शाळा थँक्सगिव्हिंगला दोन-तीन दिवस आणि नाताळला साधारण दोन आठवडे बंद असतात. पण ज्यांची शाळा घरातच भरते, त्यांना सुट्टी कोणी जाहीर करायची? पाच-सहा मुलांच्या घरात शिक्षिका, स्वयंपाकीण आणि यजमानीण या तिन्ही भूमिका बहुधा आईकडेच असतात. त्यामुळे हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

अमेरिकेत गृहशिक्षणाला, म्हणजेच 'होमस्कूलिंग'ला, 1993 पर्यंत सर्व 50 राज्यांत कायदेशीर मान्यता मिळालेली होती. तेथील शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार 1999 मध्ये घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. 2003 मध्ये ती 11 लाखांच्या आसपास गेली, तर 2007 मध्ये 15 लाखांवर. करोनाच्या साथीत 2020 साली ही वाढ आणखी वेगाने झाली. यांतील पुष्कळ कुटुंबे मोठी आहेत. 2003 च्या पाहणीत घरी शिकणाऱ्यांपैकी सुमारे 62 टक्के मुले तीन किंवा अधिक मुले असलेल्या घरांतील आढळली.

सुट्टीचा निर्णय कुटुंबाच्या हाती असला, तरी कायद्याचा हिशेब चुकत नाही, आणि तो राज्याराज्यांत निराळा आहे. टेक्सासमध्ये पालकांना सरकारी कार्यालयाला कळवावेही लागत नाही. याउलट न्यूयॉर्कमध्ये पहिली ते सहावीसाठी वर्षाला 900 तास व सातवी ते बारावीसाठी 990 तास अध्यापन आणि दर तिमाहीला अहवाल असा दंडक आहे. मिसुरीत 1,000 तास भरावे लागतात. त्यांपैकी किमान 600 तास वाचन, भाषा, गणित, समाजशास्त्र व विज्ञान या मूळ विषयांचे असावे लागतात. न्यूयॉर्कच्या लहान मुलांचे 900 तास 180 दिवसांवर वाटले, तर रोजचे पाच तास होतात. डिसेंबरात हे पाच तास काढणे अनेक घरांना जड जाते.

यावर अनुभवी कुटुंबे करतात तो पहिला उपाय म्हणजे वर्षाची आखणीच बदलणे. समजा, 3 ऑगस्ट 2026 रोजी अभ्यास सुरू केला, तर 20 नोव्हेंबरपर्यंत 16 आठवडे, म्हणजे 80 दिवस पूर्ण होतात. पुढे सहा आठवडे संपूर्ण सुट्टी घेऊन 4 जानेवारीला पुन्हा आरंभ केला, तरी उरलेले 100 दिवस 20 आठवड्यांत, 21 मे रोजी संपतात. अधल्यामधल्या सुट्ट्या व आजारपण यांसाठी एक-दोन आठवडे राखून ठेवले की झाले. ज्यांना अशी पूर्वतयारी जमत नाही, ती कुटुंबे गणित आणि वाचन एवढेच रोज चालू ठेवतात व बाकीचे विषय जानेवारीवर टाकतात. हे दोनच विषय निवडण्यामागे कारण आहे. इतिहास वा विज्ञान वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र बसवून शिकवता येते व नंतर भरून काढता येते. गणित व वाचन मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असते, आणि लहान वयात महिनाभर खंड पडला तर मागचे बरेच पुसले जाते.

तिसरा मार्ग सणालाच धडा करण्याचा. सहा जणांसाठीची पाककृती पंधरा जणांसाठी करायची, तर सारे प्रमाण अडीचपट होते. मग पाऊण कप लोण्याचे किती? दोन कपांना एक अष्टमांश कमी. आपल्याकडील जुन्या पिढीने पाऊणकी-अडीचकी पाठ केली ती अशाच कामांसाठी, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. गोठवलेली टर्की शीतकपाटात वितळायला दर चार-पाच पौंडांना सुमारे 24 तास लागतात. 20 पौंडांच्या पक्ष्याला चार ते पाच दिवस हवेत, म्हणजे गुरुवारच्या जेवणासाठी तो शनिवारीच खाली काढून ठेवावा लागेल, हे उत्तर दहा वर्षांचे मूल काढू शकते. चार्ल्स डिकन्सची 1843 ची 'अ ख्रिसमस कॅरल' ही पाच भागांची छोटी कथा रोज एक भाग या हिशेबाने आठवड्यात मोठ्याने वाचून होते, आणि मोठी मुले ऐकत असताना धाकटी चित्रे रंगवू शकतात.

या काळातला सर्वांत मोलाचा उपक्रम मात्र घराबाहेरचा आहे. 'ऑड्युबॉन' संस्थेची नाताळातील पक्षीगणना 1900 साली 27 निरीक्षकांनी सुरू झाली. आता ती दरवर्षी 14 डिसेंबर ते 5 जानेवारीपर्यंत चालते. पंधरा मैल व्यासाच्या ठरलेल्या वर्तुळात एका दिवसात दिसलेले पक्षी मोजायचे असतात. जाणत्या निरीक्षकांच्या गटाबरोबर मुलांनाही जाता येते, आणि त्यांनी मोजलेला पक्षी संशोधकांच्या कामी येतो.

अर्थात प्रत्येक बिस्कीट भाजण्याला 'विज्ञानाचा तास' म्हणून वहीत चढवणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते. जेथे तपासणी सैल आहे, तेथे तर ही पळवाट अधिकच सोपी आहे. मोठ्या कुटुंबांत आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आई पाहुण्यांत गुंतली की धाकट्यांना सांभाळणे, शिकवणे व भांडी आवरणे थोरल्या मुलीवर येते. लहानांना शिकवताना तिचेही ज्ञान पक्के होते, हे खरे. पण तिचे बीजगणित कोणी तपासले नाही, तर तिची सुट्टीही गेली आणि अभ्यासही. म्हणून काही घरांत थोरल्यांसाठी रोजचे दीड-दोन तास दार लावून राखून ठेवलेले असतात. त्या वेळात त्यांना कोणी हाक मारायची नाही.

जानेवारीत पहिल्याच दिवशी सारे विषय सुरू करण्याचा आग्रहही अंगाशी येतो. पहिल्या आठवड्यात निम्मे वेळापत्रक आणि दुसऱ्यात पूर्ण, असा क्रम अधिक टिकतो.

आपल्याकडे हा विचार करणाऱ्या मोजक्या पालकांपुढील अडचण निराळी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. घरी शिकलेली बरीच मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसतात. त्यासाठी किमान वय 14 वर्षे आहे. या संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन हंगामांत होतात. त्यामुळे दिवाळीत घरात फराळाची धांदल असताना एखाद्या मुलाची परीक्षा ऐन भरात असू शकते. दिवाळीचा मोकळेपणा हवा असलेल्यांनी एप्रिलचा हंगाम धरणे सोयीचे.