ट्रंकेतला बिल्ला



आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक लोखंडी ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं नाव आणि नंबर निम्मे पुसलेले असतात. आजोबा नाही तर पणजोबा पलटणीतून पेन्शनीवर आले, तेव्हा ती ट्रंक घेऊन आले. आत डिस्चार्जचे कागद, एखादं पदक, पितळी बटणं आणि चार-दोन बिल्ले. माणूस गेला की पदक जपलं जातं, कारण ते चांदीसारखं चमकतं. बिल्ले मात्र पोरांच्या खेळण्यात जातात किंवा भंगारवाल्याच्या तराजूत.

आमच्या घरी हेच झालं. आजोबांचा टोपीवरचा पितळी बिल्ला आम्ही भावंडांनीच खेळता खेळता हरवला. काळ्या मांजराचं चित्र असलेला एक कापडी बिल्ला राहिला. आजी त्यात सुया टोचून ठेवायची. ‘हे मांजर कशाचं गं?’ असं तिला कधी विचारलं नाही. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं, की ती दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या सतराव्या हिंदी डिव्हिजनची खूण होती. पण आजोबा तिच्यात कोणत्या तुकडीत होते, कुठवर गेले, हे सांगणारं आता कोणी नाही.

पदक आणि बिल्ला यांत फरक आहे तो हाच. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं सापडतं. कापडी बिल्ल्यावर नाव नसतं. त्याचं नाव घरच्या माणसांच्या तोंडी असतं. ते तोंड मिटलं की बिल्ला मुका होतो.

चित्रांमागचं कारण

कापडी बिल्ल्यांची चाल पहिल्या महायुद्धात वाढली. एका डिव्हिजनमध्ये अनेक पलटणींचे हजारो शिपाई असत. आपला माणूस चटकन ओळखता यावा आणि शत्रूला मात्र डिव्हिजनचा आकडा कळू नये, म्हणून आकड्याऐवजी चित्र आलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेच्या चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण अशा खुणा प्रसिद्ध झाल्या. ज्या शिपायाला अक्षरओळख नव्हती, त्यालाही त्या वाचता येत होत्या.

हा बिल्ला सहज मिळाला नाही

आपल्या समाजाच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावं आहेत. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या महार शिपाई मुंबई फौजेत राहिले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच फौजेतले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. आणि त्याच सुमारास, १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, ‘लढवय्या जाती’ असा भेद करून सरकारने महारांची भरती बंद केली.

भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. पलटणीत मुलांना शाळा होती, हातात वहीपेन्सिल होती. गावात वेशीबाहेर उभा राहणारा माणूस तिथे गणवेशात ताठ उभा राहत होता. ते सगळं गेलं. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये तीही मोडली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला भेट देऊन आले. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि भरतीचा प्रश्न त्यांनी लावून धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

या रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. १९४६ साली ही मशिनगन रेजिमेंट झाली. आजही तिच्या बिल्ल्यावर दोन तिरप्या व्हिकर्स मशिनगन आहेत. तेव्हा कोणाच्या ट्रंकेत स्तंभ असलेला बिल्ला सापडला, तर तो सुरुवातीच्या काळातला समजावा आणि भंगारात मुळीच देऊ नये. याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आलं आणि त्यांना परमवीरचक्र देण्यात आलं.

आणखी एक खूण पाहा. जुन्या बिल्ल्यांवर ब्रिटिश मुकुट असतो. १९५० साली प्रजासत्ताक आल्यावर मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. ते सिंह सारनाथचे, जिथे भगवान बुद्धांनी पहिला धम्मोपदेश दिला. म्हणजे मुकुट की सिंह एवढं पाहिलं, तरी बिल्ला कोणत्या काळातला याचा अंदाज बांधता येतो.

जपायचं कसं?

आता कामाचं सांगतो. पितळी बिल्ला चिंच आणि राख लावून घासू नका. प्रत्येक घासणीला थोडं पितळ जातं आणि अक्षरं बोथट होतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसला की पुरे. कापडी बिल्ला धुऊ नका, त्याला इस्त्री करू नका. लाल धागा रंग सोडतो आणि एका धुण्यात बिल्ला वाया जातो. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. त्या कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडून कुजतं. मांजरपाट दोनदा साध्या पाण्यात धुऊन खळ काढा, वाळवा आणि त्यात गुंडाळा. पितळ आणि कापड वेगवेगळं ठेवा, नाहीतर पितळेचा हिरवट थर कापडावर उतरतो. डांबराच्या गोळ्या बिल्ल्याला लागू देऊ नका. कसर लागली असेल, तर बिल्ला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पावसाळा संपला की ट्रंक उघडून सावलीत वारा द्या.

मांडायचं झालं, तर फेविकॉलने चिकटवू नका आणि लॅमिनेशनही करू नका. मग तो कधीच सुटा निघत नाही. पुठ्ठ्यावर मांजरपाट ताणून बसवा आणि बिल्ला कडेच्या जुन्या टाक्यांतूनच सुती दोऱ्याने हलका टाचा. काच बिल्ल्याला टेकू नये. ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. संग्रहालयात कापडावर पन्नास लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, म्हणजे मंद दिव्याएवढाच. कपाटाला पडदा लावा. कोणी पाहायला आलं की सारावा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक बिल्ल्याला नंबर द्या आणि वहीत लिहा: कोणाचा, गाव कोणतं, पलटण कोणती, साल कोणतं, सांगितलं कोणी. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ लिहा. अंदाजाने आजोबांना सुभेदार करू नका. नाईक असले तर नाईकच लिहा. तो मान कमी नाही.

काहीजण विचारतील, की बुद्धविहारात फौजेच्या वस्तू कशाला? प्रश्न रास्त आहे. बुद्धमूर्तीजवळ त्या ठेवाव्यात असं मी म्हणत नाही. वाचनालयाच्या खोलीत एक कपाट असावं. ते शस्त्रांची पूजा म्हणून नसावं. ज्यांना माणूस म्हणून उभं राहू दिलं जात नव्हतं, ते कशाच्या बळावर उभे राहिले याचा पुरावा म्हणून असावं. तथागतांनीही ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या असं शिकवलं. पारखायला आधी पुरावा जपावा लागतो.

तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर घरी जाऊन ट्रंक उघडा. घरात एखादी म्हातारी असेल तर तिला शेजारी बसवा, बिल्ला तिच्या हातात द्या आणि विचारा. ती बोलेल ते लिहून घ्या. मी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.

जय भीम.